टेबलावरची चौथी किल्ली

"दादा दार उघडेनात, म्हणून माझ्याकडच्या किल्लीनं उघडलं..." शेजारच्या वाघकाकू फोनवर एवढंच बोलल्या आणि रडायला लागल्या. सुधाकरदादा, माझा थोरला भाऊ, खुर्चीतच गेला होता. वहिनीमागं तो एकटाच राहायचा.

दादा नाशिकच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा. आखातातली चिमुकली, श्रीमंत राज्यं हा त्याचा लाडका विषय. त्यावर तो सुरू झाला की ताटातली आमटी गार व्हायची. धाकटा विलास अंबडच्या कारखान्यात फिटर होता. त्याला कुवेतची नोकरी आली तेव्हा आई घाबरली. दादानं तिचीच शिकवणी घेतली. "अगं, शेजारच्या इराकला त्यांनी इराणशी लढाईत पैसा पुरवलाय. तेलाच्या जहाजांवर अमेरिकेचा झेंडा लावून घेतलाय. कोण हात लावतोय त्यांना?" त्या भरवशावर आईनं विलासला जाऊ दिलं.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये त्याच इराकचे रणगाडे कुवेतमध्ये शिरले. विलासचा पत्ता नाही. दादा रेडिओला कान लावून बसायचा आणि आई त्याच्याकडे नुसती बघत राहायची. शेजारी फोन वाजला तरी आम्ही दाराशी धावायचो. आईच्या त्या बघण्याची मला अजून भीती वाटते.

विलास आला... जॉर्डनच्या अम्मानमार्गे, निम्मा होऊन. दादा करारांचं काही बोलायला गेला, तर म्हणाला, "सह्या करणारे निघून गेले, दादा. तळघरात मी होतो."

युद्ध संपलं. शहाण्या झालेल्या कुवेतनं मग अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया अशा सगळ्यांशीच करार केले. विलास परत कुवेतला निघाला, तेव्हा दादानं शिकवणी घेतली नाही. घराच्या चार किल्ल्या करून आणल्या. एक वाघकाकूंना, एक गल्लीतल्या उपाध्यांना, एक समोरच्या फुलमळेवाल्या शिंद्यांना.

शिंदे हसले. "सर, तुमच्या घरात चोरायला हाय काय?"

"एकाच्या भरवशावर राहून बघितलं, शिंदे."

चौथी त्यानं विलासपुढे धरली. विलासनं ती टेबलावर ठेवली आणि बॅग उचलली. आमच्यात सगळ्यात हट्टी तोच. पुढं सुट्टीला आला की माझ्याकडेच उतरायचा. किल्ली मात्र दादानं टेबलावरून हलवू दिली नाही. वहिनी टेबल पुसताना ती उचलायची आणि पुन्हा तिथंच ठेवायची.

दादा गेल्यावर विलास विमानानं आला. शेजाऱ्यांनी परत केलेल्या तीन किल्ल्या टेबलावर होत्या. त्यानं चौथी उचलली, बाहेर गेला आणि दार ओढून घेतलं. कुलुपात किल्ली फिरली. दार उघडून तो उंबऱ्यातच थांबला आणि हाक मारली, "दादा, आलोय रे..."