दुसऱ्या मृदुंगावर कोण?

भूत, चकवा, देवचार यांतलं काहीही मी मानत नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. मी फिजिक्सची आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिली मी, पदवी घेतलेली पहिली मी, आणि वाडीत एकीच्या अंगात आलं तेव्हा "आधी ताप बघूया" म्हणून तिला थर्मामीटर लावणारीही पहिली मीच. त्यावरून आईने माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. तरी या सदरात लिहितेय. इथे लोक सांगतात – आम्हाला हे दिसलं, ते ऐकू आलं. माझं उलटं आहे. सगळ्यांना ऐकू आलं... मला आलं नाही.

मी रत्नागिरीत एका कॉलेजात तासिकांवर शिकवते. शिवाय सांस्कृतिक विभाग माझ्याकडे आहे, म्हणजे कायम नोकरीवाल्यांनी नको म्हटलेलं काम. मला मात्र ते आवडतं. आमचं गाव देवरुखच्या बाजूला, हायवे सोडून बरंच आत. तिथे शिमग्यात नमन असतं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते : आधी गण, मग गवळण, मग सोंगं, आणि सगळ्याला साथ मृदुंग-टाळांची. मृदुंग नेहमी दोन. दोघे वादक मागे शेजारी-शेजारी उभे राहतात, मृदुंग कमरेला बांधून. त्यांना जोडी म्हणतात. आमच्या वाडीची जोडी म्हणजे माझे बाबा आणि गोविंदकाका.

बाबा चिरेखाणीत कामाला होते. डाव्या हाताचं मधलं बोट तिथल्या मशीनखाली गेलं. त्यामुळे त्यांची डावी थाप किंचित मागून पडायची. लय सुटायची नाही, पण थाप जराशी... कोणी दार लोटून आत यावं तशी यायची. लहानपणी मी घरात अर्धवट झोपेत असले तरी अंगणातल्या दोन मृदुंगांतला बाबांचा कुठला, हे मला कळायचं.

बाबांना मी कॉलेजात वाजवायला बोलावणार होते. ठरलंच होतं तसं. माझ्या ॲडमिशनला आले होते तेव्हा ते गेटच्या आत आले नव्हते. "मी हितंच उभा ऱ्हातो, तू जाऊन ये" म्हणाले. पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले, तर चेष्टेने म्हणायचे, "आता तरी आत घेशील ना गो?" मी म्हटलं, "असे नाही, मृदुंग घेऊन या. स्टेजवरच घेते." कधी खाणीत काम जोरात असायचं, कधी आमच्या परीक्षा मध्ये यायच्या. मग एका सकाळी चहा घेता घेता बाबा बसल्या जागी गेले. हार्ट अटॅक, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या वाजवण्याचं एकही रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही. घरात प्रत्येकाकडे मोबाइल, पण दर शिमग्याला वाजवतातच की, म्हणून कोणी कधी केलंच नाही.

आता एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे खेळ उभा राहण्याआधी नाईक, म्हणजे मेळ्याचा म्होरक्या, सगळ्यांना पुकारतो. "पहिल्या मृदुंगावर कोण? गोविंद." गोविंदकाकांनी म्हणायचं, "हाय." "दुसऱ्या मृदुंगावर कोण? रामा." बाबा म्हणायचे, "हाय." असं टाळकऱ्यांपर्यंत. ही देवाला हजेरी. आणि मागच्या खेळानंतर एखादा गडी वारला असेल, तर पुढच्या पहिल्या खेळात त्याचंही नाव घेतात आणि त्याच्या घरचं माणूस "हाय" म्हणतं. का, म्हणून मी एकदा बाबांना विचारलं होतं. "न्हायतर त्याला कसा कळायचा, आपली जागा हाय का गेली ती?" एवढंच म्हणाले होते.

बाबा गेले त्या वर्षी आमचं नमन उभंच राहिलं नाही.

त्यानंतर विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची जिल्हा फेरी आली, आमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये. लोककलेत मी नमन बसवलं. पोरं-पोरी सगळी कॉलेजची. साथीला बाहेरचा वादक चालतो, म्हणून गोविंदकाकांना बोलावलं. वेळेचं बंधन कडक – स्टेजसमोर लाल दिवा लागला की खेळ संपला पाहिजे, नाहीतर बाद. त्यात गण, गवळणीचा तुकडा आणि संकासूर राक्षसाचं सोंग एवढंच बसत होतं. हजेरीची आठवण कोणाला झाली नाही. मला नाही, काकांनाही नाही. आम्ही दोघंही त्याला स्पर्धा समजत होतो, वाडीतला खेळ नाही.

काका आले ते दोन मृदुंग घेऊन.

"काका, वादक एक आणि मृदुंग दोन?"

"जोडी फोडून एकटा नेत नाय मी. बसंल कडेला गप. तुझ्या त्या दिव्याला काय अडचण?"

दुसरा मृदुंग बाबांचा होता. आईने आदल्या दिवशी काढून दिला होता. स्टेजच्या कडेला, पडद्याआड, मी माझी ओढणी पसरून त्यावर तो ठेवला. काकांनी आपल्या मृदुंगाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या बाजूच्या कातड्याला, कणीक लावली. ओली कणीक लावल्याशिवाय घुमत नाही तो. मग वाकून बाबांच्या मृदुंगालाही लावली.

"त्याला कशाला? वाजवणार कोण?"

"म्हणून काय उपाशी ठेवू?"

संकासूर झालेला पोरगा दाढी सावरत म्हणाला, "काका, मलापण द्या थोडी, सकाळपासून वडापावच खाल्लाय." सगळे हसले. मीही हसले.

दुपारची वेळ. हॉल भरलेला. आमचा नंबर पुकारला आणि पोरांनी गण उचलला. मी कडेला पडद्याआड उभी, एक डोळा पोरांवर, एक डोळा लाल दिव्यावर. बाबांचा मृदुंग माझ्या पायाशी होता. हे नीट लक्षात घ्या – हॉलमध्ये त्याच्या सगळ्यांत जवळ मी होते. मला एकच मृदुंग ऐकू येत होता, काकांचा. उलट मनात आलंसुद्धा, की एकट्या मृदुंगाचं नमन किती उघडं वाटतंय.

गवळण संपता संपता हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. मध्येच, तालावर. आमच्या नमनाला शहरात एवढा प्रतिसाद... मला बाबांची आठवण आली, अभिमान वाटला, आणि दिवा लागायच्या आत पोरांनी खेळ संपवला.

पुढचा संघ स्टेजवर यायच्या आधीच परीक्षकांनी मला बोलावलं. तिघे होते. मधले सर मुंबईचे, लोककलेतले जाणकार. त्यांच्यासमोरचा माईक चालूच होता, त्यामुळे सगळा हॉल ऐकत होता.

"मॅडम, रेकॉर्डेड साथ चालत नाही, माहीत आहे ना?"

"हो सर. आम्ही नाही वापरली."

"मग दुसऱ्या मृदुंगावर कोण होतं?"

"दुसरा नव्हता सर. एकच वादक आहे आमचा."

सर हसले. रागावले नव्हते, पण मी खोटं बोलतेय अशी त्यांची खात्री झालेली दिसत होती. "आम्ही तिघांनी ऐकलाय. गणात नव्हता, गवळणीला आला. काका सवाल टाकत होते, तो जवाब देत होता. चांगला हात आहे, फक्त डावी थाप जरा मागून येते त्याची. ट्रॅक असेल तर बाद करावं लागेल. माणूस असेल तर नाव सांगा, समोर येऊ दे. दुसऱ्या मृदुंगावर कोण?"

डावी थाप मागून येते, अशी थाप मी एकाचीच ऐकली होती. मागे वळून पाहिलं तर पोरं स्टेजच्या पायऱ्यांवर उभी, माझ्या तोंडाकडे बघत. त्यांनी दीड-दोन महिने घाम गाळला होता. त्यांतली निम्मी माझ्यासारखीच, घरातली पहिली शिकणारी. माणूस होता म्हटलं आणि समोर आणता आला नाही तरी बाद, ट्रॅक म्हटलं तरी बाद. आणि खरं काय ते मला माहीत होतं. मी तिथेच उभी होते.

मी माईकजवळ तोंड नेऊन स्पष्ट सांगितलं, "कोणी नाही सर. दुसऱ्या मृदुंगावर कोणीच नाही."

साउंडवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, वादकाचा माईक एकच, दुसरीकडून काही सोडलेलं नाही. आयोजकांपैकी एक जण पडद्याआड जाऊन आला. म्हणाला, "एक मृदुंग पडलाय ओढणीवर, माणूस नाही." पुन्हा मला विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, "कोणी नाही." शेवटी आमच्या एका पोरीने मोबाइलवर केलेला व्हिडिओ त्यांनी कानाला लावून ऐकला. त्यात एकच मृदुंग होता. सरांनी मोबाइल पोरीला परत दिला. मग एवढंच म्हणाले, "बसा मॅडम."

आमचा दुसरा नंबर आला.

नंतर बाहेर चहाच्या टपरीवर चिपळूणच्या संघातल्या मुली येऊन आमच्या पोरांना सांगत होत्या, तुमची मृदुंगांची जोडी भारी. आमची पोरंही आपसांत कुजबुजत होती. नाचताना त्यांनीही ऐकला होता. त्यांना वाटलं होतं, मॅडमनी ऐनवेळी कोणालातरी आणलंय, सरप्राइज म्हणून. मी विचारलं, "मग परीक्षकांसमोर बोलला का नाहीत?" तर संकासूर म्हणाला, "तुम्ही कोणी नाही म्हणालात, मग आम्ही काय बोलणार?"

काकांना गावी सोडायला मीही गाडीत बसले. दोन्ही मृदुंग मागच्या सीटवर, आमच्या दोघांच्या मध्ये. पाली गाव मागे पडलं. मग मीच विषय काढला.

"काका, तुम्हाला ऐकू आला?"

"मी सवाल काय भिंतीला टाकत व्हतो?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला नाय आला?"

"नाही."

काकांनी बाबांच्या मृदुंगावर हात ठेवला. वाळलेली कणीक नखाने काढत राहिले.

"बाय, हजेरी इसरलो आपण."

"हो."

"पण त्या सरांनी पुकारल्यान. त्यांना काय म्हायती नाय, तरी पुकारल्यान. दुसऱ्या मृदुंगावर कोण, असाच विचारल्यान ना?"

"हो काका."

"घरचा माणूस तूच व्हतीस तिथं."

एवढंच. त्यात दोष देणं नव्हतं. दोष दिला असता तर भांडले असते मी. काकांना म्हटलं असतं, पोरं बाद झाली असती, आणि मला जे ऐकू आलं तेच मी बोलले. पण ते खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. बाबा अखेर गेटच्या आत आले होते, स्टेजपर्यंत आले होते, आणि भरल्या हॉलमध्ये त्यांच्या मुलीने माईकवरून सांगितलं – कोणी नाही.

हे असंच झालं, असं मी म्हणत नाही. मी नंतर सगळं तपासून पाहिलंय. त्या हॉलच्या मागच्या भिंतीवरून आवाज परत येतो, हे खरं आहे. पण प्रतिध्वनी पडलेली थापच परत करतो, सवालाला जवाब देत नाही. आणि तो गवळणीपासून का सुरू व्हावा? एकाला भास झाला असेल म्हणावं, तर अख्ख्या हॉलला तोच भास कसा झाला? आणि मुंबईच्या सरांना चिरेखाणीत गेलेलं बोट कुठून माहीत असणार? बरं, खरोखर कोणी वाजवलं म्हणावं, तर व्हिडिओत का नाही... आणि मला का नाही? शेवटच्या प्रश्नापाशी माझं फिजिक्स थांबतं आणि मी रडते. हेही खरं सांगून टाकते.

पुढच्या शिमग्याला आमचं नमन उभं राहिलं. दिवेलागणीला नाईकाने पुकारायला सुरुवात केली. "पहिल्या मृदुंगावर कोण? गोविंद." काका म्हणाले, "हाय." "दुसऱ्या मृदुंगावर कोण? रामा." मी आईशेजारी बायकांत बसले होते. उभी राहिले आणि म्हटलं, "हाय." आमच्याकडे हजेरीत बाईमाणूस बोलत नाही, पण कोणी काही म्हटलं नाही. पूर्ण खेळभर मी डोळे मिटून ऐकत होते, झोपेत ऐकायचे तशी. खेळ संपल्यावर काकांजवळ गेले. मला एकच मृदुंग ऐकू आला होता, पण तसा तर त्या दिवशीही एकच आला होता, म्हणून विचारलं.

"आज, काका?"

काकांनी मृदुंग कमरेचा सोडला. "एकटाच व्हतो गो."

बाबांचा मृदुंग आता रत्नागिरीत माझ्या खोलीवर आहे. तो घेणारा नवा गडी वाडीला अजून मिळालेला नाही, मिळाला की देऊन टाकेन. सकाळी चपात्यांची कणीक मळते तेव्हा त्यातली एक गोळी डाव्या पुडीला लावते आणि कॉलेजला जाते. संध्याकाळी ती वाळलेली असते, मग खरवडून काढते. असं का करते, हे मला विचारू नका. मला मृदुंग वाजवता येत नाही.