मशीन थांबल्याची शिट्टी

आमचं वॉशिंग मशीन थांबताना शिट्टी वाजवतं, तेव्हा मला ठाकुर्लीतले ते काका आठवतात. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड यायचं, म्हणून आई आणि मी त्यांचं कमी पाण्यात धुणारं जुनं मशीन बघायला गेलेलो. काकू वारल्यावर त्यांनी ते विकायला काढलेलं. काकांनी दोन टॉवेल टाकून मशीन चालवून दाखवलं, आणि सवयीने पाइपखाली बादलीही लावली, ते सांडपाणी लादी पुसायला होतं म्हणून. शिट्टी वाजली तसे ते स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अगं, झालं बघ." मग तसेच उभे राहिले. आई म्हणाली, "मशीन छान आहे हो, पण आमच्या मोरीत नाही बसायचं." मोरी आम्ही सकाळीच मापलेली, आरामात बसलं असतं. आता आमच्या या दुसऱ्या मशीनची शिट्टी वाजली की आई आतून हाक मारते, "अरे, झालं बघ," आणि मी हातातलं टाकून आधी ओ देतो.