खाली कुठे?

ईस्टरच्या पहाटे आमच्या घरात गजर लावायची कधी गरज पडली नाही. आमचे हे चारलाच उठून बसायचे, माझ्या खांद्याला हलवायचे आणि म्हणायचे, "अगं, ऐकलंस का?"

मी पांघरूण ओढून घ्यायची. पण मी "काय?" असं विचारेपर्यंत हा माणूस हलायचा नाही. शेवटी वैतागून "काय?" म्हटलं की चेहरा असा उजळायचा, की जणू आत्ताच कुणीतरी दारात येऊन सांगून गेलंय. "प्रभू उठलाय!"

"दोन हजार वर्षांची शिळी बातमी," मी म्हणायची. "उठा, तुमची अंघोळ व्हायचीय."

छत्तीस वर्षं हे असंच चाललं. मी दरवर्षी चिडायची आणि दरवर्षी मनातून त्या हाकेची वाट बघायची. आता कबूल करायला हरकत नाही.

त्यांना कशाचंही नवल वाटायचं. टावर चौकात पोहे-जिलबी खायला गेलो की जिलबी हातात धरून म्हणायचे, "बघ, इतक्या वाकड्या गोष्टीत देवानं रस कसा भरला असेल?" मी म्हणायची, देवानं नाही, हलवायानं भरलाय, आणि शर्टावर सांडू नका. रेल्वेच्या ऑफिसात आयुष्यभर फायली उचलणारा माणूस, पण देवावरचा विश्वास त्यांनी असा रोज ताजा ठेवला होता. मी तशी नाही. मी प्रार्थना करते तीसुद्धा हिशोबी, मुद्द्याला धरून.

लग्न होऊन मी नगरकडच्या एका खेड्यातून उज्जैनला आले तेव्हा बावीस वर्षांची होते. त्यांचे वडील रेल्वेत म्हणून हे कुटुंब इथे स्थिरावलेलं. माझं हिंदी म्हणजे रेडिओवरच्या गाण्यांपुरतं. इथल्या चर्चमध्ये सगळं हिंदीत. मी आपली सगळे उठले की उठायची, बसले की बसायची.

आमच्याकडे ईस्टरची पहिली प्रार्थना उजाडायच्या आत कबरस्तानात होते. आदल्या दिवशी आपापल्या माणसांच्या कबरी धुवायच्या, चुना लावायचा, पहाटे मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं घेऊन जायचं. लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरला मी नवी साडी सावरत मंडळीत उभी होते. पाळकांनी हात उंच केला आणि मोठ्यानं म्हणाले, "कब्र खाली है!" सगळी मंडळी ओरडली, "खाली है!"

मी पायाशी बघितलं. आता घर खाली करणं वगैरे आम्हीही म्हणतो, पण झोपेतून उठवून आणलेल्या माणसाला तेवढं सुचतंय कुठे? मला वाटलं, कबर खाली आहे, म्हणजे मी कुणाच्या तरी कबरीवरच उभी आहे! मी टुणकन बाजूला उडी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खाली कुठे?"

मेले मी लाजेनं. पाळकसुद्धा हसले. हे तर गुडघ्यावर हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

मग काय, यांना जन्माची खोड लागली. चहाचा डबा संपला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अगं, डबा खाली है!" आणि मी गाढवासारखी फळीच्या खाली बघायची. मुलगी मोठी झाली तशी तीही बापाला सामील झाली.

अडीच वर्षांपूर्वी, दिवाळी संपता संपता, ते गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी संपलं. मी माझ्या हातानं माती टाकली. ती ओली होती, नखात अडकली, आणि ती नखं मी आठवडाभर घासत होते.

पाच महिन्यांनी ईस्टर आला. मी गेले, माझी मीच गजर लावून. नव्या पाळकांनी हात उंच केला, "कब्र खाली है!" मंडळी ओरडली, "खाली है!" आणि माझं तोंड उघडेना. डोळ्यांसमोर ती कबर होती. म्हटलं, कोण म्हणतं खाली आहे? भरलेली आहे. मी भरलीय. प्रार्थना संपायच्या आत मी ऑटो करून घरी आले.

पुढच्या वर्षी गेलेच नाही. रविवारही सुटले. देव नाही असं मला एकदाही वाटलं नाही, मी त्याच्यावर रुसले होते. पण खरी भीती दुसरीच होती. प्रभू कबरीतून उठला, म्हणून आपली माणसंही एक दिवस उठतील, ही आमची आशा. "खाली है" हे एक वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हतं, आणि ते वाक्य खोटं असेल तर माझा माणूस कायमचा गेला होता. मग मी कशाच्या आशेवर रोज सकाळी उठायचं? मुलगी पुण्याहून फोन करायची, "आई, चर्चला गेली होतीस?" मी भाजीचे भाव सांगत बसायची.

या वर्षी, ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी, दारात समोरच्या वहिनी उभ्या. त्या मराठी, पण त्यांची सातवी-आठवी पिढी उज्जैनमध्ये. त्यांचं मराठी ऐकून माझ्या माहेरचे लोक चक्रावतात. एका हातात चुन्याची बादली, दुसऱ्या हातात कुंचा.

"चला, मी तयार होऊन आली."

"कुठे?"

"तुमच्या साहेबांकडे. दर दिवाळीला माझ्या घरी चकली खायला येत होते. त्यांची जागा अशी मैली पडलेली मला नाही चालणार."

"वहिनी, तुम्हाला कशाला त्रास? तुमचं काय त्याच्याशी…"

"फालतू बात नका करू. चुना भिजवून ठेवला आहे, वाळून जाईल." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "तुम्ही देवाशी कट्टी केली आहे ना? करा. साहेबांशी कशाला?"

मी चप्पल घातली. दुसरं काय करणार?

दोघींनी मिळून कबर घासली. वहिनींनी चुना लावला, मी काठावरचं गवत उपटलं. कडुनिंबाचा मोहोर पडून पडून अक्षरं भरून गेली होती, ती मी काडीनं कोरून काढली. त्यांचं नाव मोकळं झालं तेव्हा मला फार रडू आलं. वहिनी कुंचा हळू चालवत राहिल्या. निघताना म्हणाल्या, "सकाळी पाच वाजताचा ऑटो सांगून ठेवला आहे. मी फाटकाशी बसेन. नंतर पोहे खायला नेणार असाल तर."

पहाटे गेले. लोकांनी मला बघून न बघितल्यासारखं केलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. मी यांच्या कबरीजवळच उभी राहिले. एवढ्यात रेल्वेत नव्यानं लागलेला एक मुलगा आपल्या बायकोला घेऊन आला. "काकू, हिला जरा जवळ घ्या. दोन महिने झालेत लग्नाला. नगरची आहे, हिंदी अजून कमीच समजतं." पोरगी नव्या साडीत अवघडलेली, हातात मेणबत्ती, डोळ्यांत झोप.

गाणं झालं, प्रार्थना झाली. पूर्वेकडे जरा फटफटलं. पाळकांनी हात उंच केला.

"कब्र खाली है!"

"खाली है!" मंडळी ओरडली. माझे ओठ पुन्हा घट्ट मिटले.

शेजारच्या पोरीनं निऱ्या उचलल्या, पायाशी बघितलं, एक पाऊल मागे सरली आणि माझ्या कानाशी कुजबुजली, "काकू, खाली कुठे?"

अगं आई गं! मला हसू फुटलं. तोंडावर पदर धरला तरी थांबेना. असं हसू अडीच वर्षांत आलं नव्हतं. हसता हसता मी सवयीनं डावीकडे वळले, यांना सांगायला. डावीकडे ताजा चुना लावलेली कबर होती. आणि मी हुंदके द्यायला लागले.

पोरगी घाबरली. "काकू, माझं काही चुकलं का?"

"नाही गं बाळा. खाली म्हणजे…" मला शब्द शोधावा लागला. "खाली म्हणजे रिकामी. कबर रिकामी आहे, असं म्हणतायत."

माझं मलाच ते ऐकू आलं. लहानपणी गावच्या चर्चमध्ये हे मराठीत ऐकलं असेल, पण तेव्हा माझं कुणी मातीत नव्हतं. नंतर सगळी वर्षं ते हिंदीत ऐकलं आणि आमच्या घरात त्याची गंमत झाली. माझ्या आईच्या भाषेत, मोठी झाल्यावर, मी ते पहिल्यांदाच म्हणत होते, आणि ज्याच्यासाठी म्हणायचं तो दोन पावलांवर होता.

"हां, रिकामी होय!" पोरीचा चेहरा उजळला. अगदी तसाच. आणि सगळी मंडळी गप्प असताना ती खणखणीत म्हणाली, "रिकामी आहे!"

लोक वळून बघायला लागले. ती बिचारी एकटी पडायला नको म्हणून मीही म्हणाले, "रिकामी आहे." एकदा म्हटलं, मग यांच्या कबरीकडे तोंड करून पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. माती तिथेच होती, चुना तिथेच होता, आणि तरी मला ते खरं वाटलं. किती तरी दिवसांनी मला कशाचं तरी नवल वाटलं.

टावर चौकात वहिनी पोह्यांवर शेव जास्त टाका म्हणून दुकानदाराशी भांडत होत्या, तेवढ्यात पुण्याहून फोन आला.

"आई, गेली होतीस का?" आवाजात नेहमीची धास्ती.

मी म्हटलं, "अगं, ऐकलंस का?"

मी वाट बघितली. विचारल्याशिवाय मीही हलणार नव्हते.

"काय?" ती म्हणाली. रडत होती.

आणि मी तिला बातमी सांगितली.