पूजेतला पाना

आमच्या मोठ्या दिरांना तोंड होतं, कान नव्हते. ट्रक त्यांच्या नावावर आणि चालवायचे आमचे हे. हे कधीपासून सांगत होते, "दादा, स्टेअरिंग अर्धं फिरवलं तरी चाक हलत नाही. कसारा घाटात एक दिवस दरीत जाईन मी." दीर म्हणायचे, "भित्रट आहेस. माझा मेहुणा मोकळाच बसलाय, त्याला देतो सीट." मेहुणा खरंच मोकळा बसलेला असायचा, आमच्याच ओट्यावर, आमचाच चहा पीत. यांना गाडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. सीट गेली असती तर पोरांना घेऊन कुठे जाणार होतो आम्ही? म्हणून हे गप्प बसायचे आणि मी आतल्या आत जळायचे.

ही नव्वदीतली गोष्ट. नवरात्रात शेवटी दिरांनी मालेगावहून स्टेअरिंगचा दुसरा गिअरबॉक्स आणला, तोही वापरलेला. गॅरेज कशाला, घरीच बसवू म्हणाले. पंचवटीत आमच्या पत्र्याच्या घरापुढे ट्रक उभा होता. 'बसवू' म्हणजे दीर खुर्चीत आणि हे गाडीखाली. आधीचा काढताना हातोडा मारून मारून यांच्या हाताची सालटी निघाली. वरून दीर ओरडताहेत, "बायकोला बोलव, तिच्यात जास्त जोर आहे!" मेहुणा खो खो हसला. मेला.

खंडेनवमीच्या दुपारी गिअरबॉक्स जागेवर बसला. राहिला फक्त ड्रॉप आर्म, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकांना वळवणारा लोखंडी दांडा. त्याचा नट यांनी हाताने फिरवून लावला आणि आवळायला मोठा पाना मागितला. पण तो पाना दिरांनी धुऊन, हळदकुंकू लावून पूजेत मांडला होता. आमच्याकडे खंडेनवमीला पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवत नाहीत.

"दादा, दोन झटके मारतो आणि परत ठेवतो."

"हात लावून बघ. हात तोडीन."

"मग उद्या गाडी हलवायची नाही."

"अंगणातून रस्त्यावर आणायची आणि नारळ फोडायचा. लंडनला जायचंय का रे?"

"मी आणतो की," ओट्यावरून मेहुणा म्हणाला. तसे यांनी हात पुसले आणि गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

दसऱ्याला सकाळी ट्रकला झेंडूचे हार घातले. सगळी गल्ली बघायला जमली. हे सीटवर चढले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. गाडी फाटकाबाहेर आली, यांनी स्टेअरिंग वळवलं आणि ते नुसतं गरागरा फिरत राहिलं. चाकं सरळच. ट्रक समोरच्या गुरुजींच्या भिंतीत घुसला. भिंतीशी त्यांची त्याच सकाळी आणलेली स्कूटर उभी होती, तिचा हारासकट पापड झाला. माणूस कोणी सापडलं नाही हे नशीब.

दीर आधी बंपर बघायला धावले. मग गल्लीसमोर यांची कॉलर धरली. "नट आवळला नाहीस ना, हरामखोरा! उतर खाली!" मेहुण्याने किल्लीसाठी हात पुढे केलाच होता. आणि आमचे हे मान खाली घालून म्हणतात, "चुकलं दादा."

माझं डोकंच फिरलं. आत गेले, पाना पूजेतून अक्षता-फुलांसकट उचलला आणि दिरांच्या पायाशी आपटला. "कशाने आवळणार होते, भाऊजी? दातांनी? काल मागितला तेव्हा हात तोडायला निघाला होतात ना?"

आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाचं तोंड बंद झालेलं मी बघितलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात यांनी सगळ्यांदेखत माझ्या कानफटात वाजवली. "मोठ्यांशी असं बोलतात? पूजा मोडलीस!" त्याआधी माझ्यावर त्यांनी कधी हात उचलला नव्हता.

दिरांनी यांच्या खांद्यावर हात टाकला. "जाऊ दे रे. बायकांना अक्कल नसते. चल, जेवून घेऊ. गाडी नीट झाली की अंबडचा माल तुलाच न्यायचाय."

सीट वाचली. दोघे भाऊ शेजारी शेजारी जेवायला बसले. श्रीखंड-पुरी वाढायला मीच होते.