सासूबाईंनी गवत भादरलं

नंदनवन कॉलनीतल्या आमच्या घरामागे त्या वर्षी गवत कमरेएवढं वाढलं होतं. इंग्लंडला राहणारी नणंद सुट्टीवर येणार होती. तिनं फोनवर विचारलं, "गवत कापायचं विजेचं यंत्र आणू का? पात्याचं की दोरीचं?"

यांना पात्याचं हवं होतं. सासूबाईंनी फोन ओढून घेतला. "पातं नको वं! कोणाचा पाय गेला म्हणजे? दोरीचंच आण. अन् हलकं आण, मले पेललं पाहिजे."

'मले' ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो.

नणंद आली, तिच्यासोबत यंत्रही आलं. लांब दांडी, खाली एक चकती आणि तिच्यातून बाहेर आलेली वीतभर नायलॉनची दोरी. ती गरगर फिरली की गवत कापलं जाणार. रविवारी सकाळी यांनी आईला नियम सांगितले. आधी गोटे वेचायचे, वायर पाठीमागे ठेवायची, आणि दोरी अडकली तर प्लग काढल्याशिवाय हात लावायचा नाही.

सासूबाईंनी काष्टा घट्ट खोचला, लेकाचे गमबूट चढवले आणि डोळ्यांवर त्याचा स्कूटरचा गॉगल लावला. ते ध्यान बघून मी हसत हसत नळाजवळ खालीच बसले.

"काहून हसून राहिली वं? प्लग लाव!"

भुर्रर्र! गवत उडालं, आम्ही सगळे हिरवे. आणि तेवढ्यात टण्ण! एक गोटा माझ्या कानाजवळून जाऊन बादलीवर आपटला. यांनी धावत जाऊन प्लग उपटला.

"वेचले होते ना गा," सासूबाई हळूच म्हणाल्या, "एक राहिला."

मग आम्ही चौघं ओणवे होऊन पुन्हा गोटे वेचू लागलो. नणंदेला हसू आवरेना, तिचं बघून मला, मग सासूबाईंना. यानंतर त्यांनी आम्हाला व्हरांड्यात पिटाळलं, जाळीचं दार लावायला लावलं, आणि मगच यंत्र सुरू केलं. काय त्यांचा तोल, काय त्यांचा रंग! डावीकडे झुलत, उजवीकडे झुलत निघाल्या. "आई, झेंडू! झेंडू!" हे ओरडत होते. झेंडू केव्हाच गेला होता.

शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "काय करून राहिली वं बाई?"

सासूबाईंनी यंत्र बंद केलं. "ये, तुयंही अंगण भादरून देतो!"

काकू स्वतःच यंत्र चालवून बघायला, नवऱ्याचा वाचायचा चष्मा लावून, चपला फटफटवत हजर झाल्या. सासूबाईंनी त्यांना तशाच परत पाठवलं, बूट घालून यायला लावलं, आपला गॉगल त्यांच्या नाकावर चढवला आणि स्वतः जाळीमागे उभ्या राहिल्या. "मागं पाय! वायर पाह्य!" त्यांचा आवाज यंत्रापेक्षा मोठा.

स्वयंपाकाची कुणालाच आठवण नव्हती. शेवटी हे कोपऱ्यावरून गरम आलूबोंडे घेऊन आले. कापलेल्या गवतावर फतकल मारून, तोंडात गेलेल्या काड्या थुंकत आम्ही ते खाल्ले, आणि एवढं हसलो की नणंदेला ठसका लागला.