हवालदारांच्या परसातले पत्रे

"वैनी, दोन प्रती काढा. एक सायबाला द्यायची, आन् एक सायब हरवंल तवा द्यायची."

माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर चपला काढून, काउंटरवर बोटाने टकटक करून हवालदार हे म्हणायचे. चपला कशाला काढता, हे काय देऊळ आहे का, असं मी कितीदा म्हटलं असेल. "कागद हायत न्हवं तितं?" म्हणायचे. कागदावर एवढी श्रद्धा असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही, आणि कागदाने एवढा छळलेलाही.

साताऱ्याहून सांगलीकडे निघालं की मधे आमचं गाव लागतं. नाव सांगत नाही. माझं दुकान नगरपालिकेच्या दारासमोर आहे, नाव सांगितलं तर उद्या दुकानाची पायरी अतिक्रमणात निघायची. हवालदार माझे शेजारीही होते, भिंतीला भिंत लागून. फौजेतून निवृत्त झालेले, बायको कधीच गेलेली. घर लहान. खाली मुलगा, सून, नातवंडं, आणि वरच्या एका खोलीत हे. वर जायला उभा लोखंडी जिना.

मेढ्याच्या वर डोंगरात त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. तिला सगळे आक्काच म्हणत. गुडघे पार गेलेले, जिना चढणं शक्य नाही. परसातली जुनी शेड उतरवायची, तिथे जमिनीलगत एक खोली आणि संडास बांधायचा, आणि आक्काला आणायचं, एवढंच त्या माणसाला उरलं होतं. आक्काचा दर आठवड्याला फोन यायचा आणि ती तेवढंच विचारायची, "खोली झाली का रं?"

आता परसात खोली काढणं म्हणजे काय जगावेगळं आहे का? तुमच्याही गल्लीत असतीलच. शुक्रवारी संध्याकाळी विटा उतरतात, शनिवार-रविवार ऑफिस बंद असतं तोवर भिंती उभ्या राहतात, आणि सोमवारी साहेबाला चहाला बोलवतात. आमच्या गल्लीतल्या एकाही खोलीला परवानगी नाही. हवालदारांनी तेवढी मागितली.

"कुणी मागतं का परवानगी?" मी म्हटलं.

"नियम हाय न्हवं? मग?"

त्यांचं बोलणं इथे संपायचं. 'मग' म्हटलं की पुढे वाद नाही.

इंजिनिअरने नकाशा काढून दिला. ऑफिसाने सांगितलं, आधी शेड काढून जागा मोकळी दाखवा. शेड होती जुन्या सिमेंटच्या पत्र्यांची, तेच ते करड्या नळीदार पत्र्यांचं छप्पर. आपल्याकडे असं छप्पर उतरलं की शेजारीपाजारी मागायला येतात, रीतच आहे ती. कुणाला गोठ्याला हवा असतो, कुणाला न्हाणीला आडोसा, कुणाला चुलीमागे लावायला तुकडा, कारण तो जळत नाही. मागितला की द्यायचा. हवालदारांनी एकालाही दिला नाही.

कारण त्यांना ठाऊक होतं. त्यांचा मोठा भाऊ मुंबईला असल्या पत्र्यांच्या कारखान्यात होता. धाप घेऊनच गावी परतला, आणि आक्कानेच त्याचं शेवटपर्यंत केलं. त्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असतं, फुटला की धूळ उडते आणि छातीत बसते ती निघत नाही. हवालदारांना एवढंच माहीत होतं, पण तेवढं पक्कं.

पत्रे उतरवले तो दिवस गल्ली विसरणार नाही. द्राक्षबागेवर फवारायचा पाठीवरचा पंप आणून हवालदार एकेका पत्र्यावर पाणी मारत होते. गड्यांच्या तोंडाला ओली फडकी. मला भिंतीपलीकडून हुकूम सुटला, "वैनी, वाळत घातल्याली कापडं आत घ्या, दारं लावा." समोरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय हवालदार, द्राक्षासारखी पत्र्यांवर पण भुरी पडली का?" सगळी गल्ली हसली, मीही हसले. त्यांनी मात्र एकही पत्रा फुटू दिला नाही. अख्खे उतरवले, जाड पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळले, आणि वर लाल ऑइलपेंटने ठसठशीत लिहिलं: धोका. फोडू नये.

मग ते न्यायला सांगायला ऑफिसात गेले. बांधकामवाल्याने आरोग्याकडे पाठवलं, आरोग्यवाल्याने घनकचऱ्याकडे. घनकचऱ्याचा माणूस म्हणाला, "आजोबा, घंटागाडीत ओला आणि सुका. तुमचा ह्यातला कुठला?" जिल्ह्याला जाऊन आले. तिथे कळलं, असला माल पुरायची वेगळी जागा असते, पण एका घरासाठी तिकडून गाडी येत नाही. शेवटी आमच्याच एका क्लार्कने कानात सांगितलं, "ओढ्यात सोडा की, कोण बघतंय."

"मी बगतूय की," हवालदार म्हणाले.

झालं. पत्रे हलल्याशिवाय जागा मोकळी नाही, जागा मोकळी नाही म्हणून परवानगी नाही, आणि पत्रे हलवणारं कोणी नाही. आक्काची खोली जिथे व्हायची तिथेच तो ढीग बसला. उन्हाने प्लास्टिक विरलं की हवालदार नवं घालायचे आणि पुन्हा अक्षरं काढायचे. मला इतका राग यायचा. ऑफिसचा, आणि खरं सांगते, त्यांचाही. म्हटलं, द्या वाटून, आक्काला आणा, म्हातारी वाट बघून मरेल. ते म्हणाले, "आन् मग तिला काय सांगू? थोरल्याला ज्यानं न्हेलं ते गल्लीत वाटलं म्हणून?"

पुढे तर कळसच. पत्रा न मिळाल्याने कुणीतरी खुन्नस धरली आणि तक्रार केली. ऑफिसची नोटीस आली, हवालदारांनाच: घातक कचरा परसात विनापरवाना साठवल्याबद्दल खुलासा करावा. वाचून माझं टाळकं सणकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. गल्लीतल्या सतरा बेकायदा खोल्या त्यांना दिसल्या नाहीत, आणि न्या न्या म्हणून पाया पडणारा दिसला.

हवालदार मात्र चपला काढून हसत आत आले. "वैनी, चार प्रती काढा. घातक हाय हे त्येंनी लिवून दिलंय. आता न्ह्यावंच लागंल."

नोटीस घेऊन घनकचऱ्याकडे गेले. तिथला म्हणाला, "नोटीस काढणारं खातं वेगळं, आजोबा."

त्या दिवशी दुकानात येऊन एवढं सांगून ते घरी जाताना चपला माझ्या पायरीवरच विसरले. मी संध्याकाळी नेऊन दिल्या.

थंडीत एका सकाळी ते वरच्या खोलीतच गेले. त्या उभ्या जिन्यावरून त्यांना खाली आणताना माणसांची काय तारांबळ झाली, ती मी पाहिली.

तेराव्याला आक्का आली, जीपमधून दोघांनी धरून उतरवली. आधी परसात गेली. ढिगावर हात ठेवून उभी राहिली. "थोरल्याला ह्येनं न्हेलं," ती म्हणाली, "आन् धाकला ह्येचीच राखण करत ग्येला." रडली नाही. दुसऱ्या दिवशी डोंगरात परत गेली.

महिन्याभरात मुलाने गल्लीला सांगितलं, न्या ज्याला पाहिजे ते. एका दुपारी सगळं खलास. ओढताना, टेंपोत टाकताना पत्रे फटाफट फुटले, माझ्या दोरीवरच्या कपड्यांवर करडी पूड बसली. मी ओरडले. मुलगा म्हणाला, "काकू, फुकट नेतायत, जाऊ दे की. जागा मोकळी झाली." पुढच्या शनिवार-रविवारी भिंती उभ्या राहिल्या. परवानगी कसली न् काय. साहेब चहाला येऊन गेले. खोलीत आता भाडेकरू आहे.

आक्काचा फोन अजून येतो, आता मला. खोली झाली हे तिला मीच सांगितलं. तिने विचारलं, "पायरी न्हाई न्हवं त्येला?"

"नाही, आक्का."

"मग ब्येस झाली आसंल."

हे सगळं आज लिहायचं कारण समोर आहे. नगरपालिकेच्या दारात चहाचा गाडा लागतो. स्टोव्हला वारा लागू नये म्हणून गाडेवाल्याने करड्या पत्र्याचा फुटका तुकडा आडवा लावलाय, आणि उन्हासाठी वर जाड पांढरं प्लास्टिक ताणलंय. लाल अक्षरं उलटी आली आहेत, पण माझ्या काउंटरवरून वाचता येतात. धोका. फोडू नये. बांधकामवाले, आरोग्यवाले आणि घनकचऱ्यावाले रोज अकरा वाजता त्याच्याखाली उभे राहून चहा पितात.