शाकारलेला सर्व्हर

माझा सर्व्हर वडिलांनी मारला तो पूर्ण निष्ठेने, आणि माझ्याच सूचनेवरून.

मे महिन्याच्या अखेरीस पुण्याला परतताना मी त्यांना बजावले होते की या पेटीला समुद्राच्या हवेपासून जपायचे. वडील रेवदंड्याचे बोटमालक. समुद्राच्या हवेपासून वस्तू जपण्याची एकच पद्धत त्यांना मान्य आहे, आणि ती माझ्या भौतिकशास्त्राच्या पदवीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. पावसाळी मासेमारीबंदी लागली की बोट किनाऱ्यावर ओढून घ्यायची, उघड्या धातूला ग्रीस फासायचे आणि वरून ताडपत्रीने घट्ट शाकारायचे. बोट शाकारली त्याच दिवशी त्यांनी माझा सर्व्हरही शाकारला. फरक एवढाच की बोटीचे इंजिन बंद होते आणि माझी पेटी चालू होती.

जुलै संपत आला तेव्हा त्यांचा फोन आला. "बाय, तुझी पेटी बोलत न्हाय."

"दिवा लागतोय का?"

"बघतो. आधी ताडपत्री सोडायला लागंल."

"कसली ताडपत्री?"

"बोटीची उरलेली."

मी त्याच दिवशी बस पकडली.

या पेटीबद्दल थोडे सांगायला हवे. एका जुन्या संगणकाच्या खोक्यात मी दोन मोठ्या डिस्क बसवल्या होत्या. दोन्हींवर तोच मजकूर, म्हणजे एक गेली तरी दुसरी शाबूत. यंत्र ज्यावरून सुरू व्हायचे ती प्रणाली मात्र मागे खोचलेल्या एका पेन ड्राइव्हवर होती. घरच्यांसमोर मी यावर व्याख्यानही दिले होते: ज्या गोष्टीची एकच प्रत आहे, ती गोष्ट आपल्याकडे नाही असेच समजावे. आईने तेव्हा विचारले होते, "मग नवऱ्याचं काय करायचं?" प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणून मी सोडून दिला.

त्या डिस्कवर माझा प्रबंध होता, छायाचित्रे होती. पण घराच्या दृष्टीने मोलाच्या होत्या त्या वडिलांच्या खुणा. पाण्याखाली जिथे खडक आहेत, जिथे बुडालेल्या होड्यांचे सांगाडे आहेत, तिथे जाळे अडकून फाटते. अशी प्रत्येक जागा वडिलांनी वीस वर्षांत एकेक करून बोटीवरच्या जीपीएसमध्ये नोंदली होती. मे महिन्यात त्यांनी तो जुना जीपीएस देऊन नवा घेतला, कारण सगळ्या खुणा माझ्याकडे सुरक्षित आहेत असे मी ठणकावून सांगितले होते. नवा जीपीएस कोरा होता; त्यात खुणा मी हंगामाच्या तोंडावर चढवणार होते. जाळेही यंदा नवे होते. आणि बंदी उठायला दोन दिवस राहिले होते.

ताडपत्रीखालून पेटी निघाली ती एखाद्या उत्खननातून निघावी तशी. प्रत्येक खाचेत ग्रीस होते. पेन ड्राइव्हवर तर विशेष मायेने, दोन हात. आत दोन महिने कोंडलेल्या उष्णतेने त्याचे प्लास्टिक किंचित वाकले होते. डिस्क मात्र ठणठणीत होत्या. मी रिक्षाने अलिबागला जाऊन नवा पेन ड्राइव्ह आणला, त्यावर प्रणाली बसवली आणि यंत्र सुरू केले. दोन्ही डिस्क ओळखल्या गेल्या. वडिलांना मी, फारच मोठेपणाने, "झालं" असे सांगितले. तेवढ्यात पडद्यावर एक ओळ आली: चावी द्या.

इथे माझा स्वतःचा वाटा सुरू होतो. वडिलांच्या खुणा हे घरातले सर्वोच्च गुपित. वडिलांच्या सख्ख्या धाकट्या भावाचे, म्हणजे माझ्या काकांचे, घर आमच्या भिंतीला लागून आहे आणि बोटही शेजारीच लागते. दोघे एकमेकांच्या पंगतीत जेवतात, एकमेकांची लग्नकार्ये उभी करतात, पण खुणांबद्दल अवाक्षर काढत नाहीत. "याच्या हाताला काय लागता कामा नये," अशी वडिलांची अट होती. ती मी शास्त्रीय काटेकोरपणे पाळली. डिस्कवरचा सगळा मजकूर मी कुलूपबंद केला, आणि ते उघडणारी लांबलचक सांकेतिक चावी पेन ड्राइव्हवर ठेवली. त्या चावीची दुसरी प्रतही अर्थातच काढली. मी काही अडाणी नव्हे. ती प्रत मी सर्वात सुरक्षित जागी ठेवली होती. त्याच कुलूपबंद डिस्कवर.

वडिलांना हे समजावून सांगायला मला जेमतेम एक वाक्य लागले. इतके सोपे विवेचन माझ्या हातून पूर्वी कधी झाले नव्हते.

"म्हणजे कपाटाची चावी कपाटात," ते म्हणाले.

"हो."

"आणि शिकायला पुण्याला गेलीस."

ग्रीसचा उल्लेख मी केला नाही. आठवतील तेवढ्या खुणांवर जायचे, असे त्यांनी ठरवले. पण नव्या जाळ्याकडे ते ज्या नजरेने पाहत होते त्यावरून किती आठवतात हे मला कळले. आईलाही कळले असावे, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी काका दारात उभे राहिले, आणि आई चुलीकडे फारच मन लावून पाहू लागली.

काकांनी शर्टाच्या खिशातून आपल्या जीपीएसचे कार्ड काढून वडिलांपुढे धरले. "दादा, घे. तुझ्याच खुणा हायेत."

"तुझ्याकडं कुठनं आल्या?"

"तुझ्या मागंच तर फिरतो. तू घाईघाईनं जाळं वर घेतलंस की मी बटण दाबतो."

"चोर हायेस तू."

"चोर असतो तर परत आणून दिल्या असत्या व्हय?"

"बसा भावोजी," आई म्हणाली. "चहा घ्या. आता घरात लपवायला काय राह्यलं न्हाय."

वडिलांनी कार्ड घेतले. दोन भावांनी चहा घेतला आणि बर्फाच्या दरावरून असे भांडले, जणू काही घडलेच नव्हते. नव्या जीपीएसमध्ये त्या खुणा चढवण्याचे काम माझे. बंदी उठली आणि उजाडताना बोट गेली.

मी मात्र हरायला तयार नव्हते. आता प्रश्न प्रबंधाचाही होता. पेन ड्राइव्हचे कवच काढून मी ग्रीस स्पिरिटने पुसले. लावल्यावर तो क्षणभर दिसे आणि तापला की नाहीसा होई. थंड ठेवला तर कदाचित टिकेल, असे मी स्वतःशीच पुटपुटले. मासळी विकण्यात उभा जन्म गेलेल्या आईने ऐकले आणि विचारले, "बर्फच हवा होता तर कालपासून तोंड का शिवलं होतं?" पाण्याचा थेंब आत न शिरू देता वस्तू बर्फात पुरणे हा तिचा विषय. तिने पेन ड्राइव्ह तीन पिशव्यांत गुंडाळला, फक्त तार बाहेर ठेवली आणि थर्माकोलच्या पेटीत बाजारातून आणलेल्या दोन पापलेटांच्या मधोमध निजवला. तो चार मिनिटे जगला. चावी उतरवून घ्यायला मला एक पुरले. ही पद्धत मी अद्याप कोणत्याही शोधनिबंधात मांडलेली नाही.

कुलूप उघडले. सवयीने मी दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. वडिलांची प्रत्येक खूण काकांकडे होती. वर आणखी एक होती, वडिलांच्या यादीत नसलेली.

संध्याकाळी बोट परतली. जाळे शाबूत होते. मी वडिलांना ती जास्तीची खूण दाखवली. "ही तुमच्याकडे का नाही?"

त्यांनी मान वळवली. "गेल्या साली तिथंच फाटलं जाळं."

"तुम्ही तर सांगितलंत ट्रॉलरनं कापलं!"

"ट्रॉलर पण होता तिथं."

खूण नोंदवली असती तर ती मला उतरवून द्यावी लागली असती, आणि नवे जाळे कुणाच्या चुकीने घ्यावे लागले हे आईला कळले असते. आज त्या जागेला वळसा घालून गेल्याचे त्यांनी मान्य केले, कारण पडद्यावर ठिपका दिसला. मूळ प्रतीपेक्षा चोरीची प्रत अद्ययावत होती, आणि ती गेली वीस वर्षे भिंतीपलीकडे कसल्याही चावीवाचून नांदत होती.

मी नवी एकत्र यादी छापली; त्यात काकांना नवे असे काहीच नव्हते. वडिलांनी कागद वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे परत दिला.

"काकांना देऊन ये. सांग, एक कागद जास्तीचा निघाला."